काम वाटणारा कोण?

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाले. यवतमाळ जिल्ह्यातील या कापूस पिकविणाऱ्या तालुक्याला रेल्वे मिळाली, याचा आनंद आहेच. परंतु रेल्वे म्हटली की आम्हाला मनमाड आठवते. फेब्रुवारी १९३८ मध्ये तेथे भरलेल्या रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी मांडलेला प्रश्न केवळ पगाराचा नव्हता. कोणते काम कोणाच्या वाट्याला येते, हा तो प्रश्न होता. आमची माणसे जन्मभर गँगमन म्हणून राबत. त्यांना साध्या पोर्टरची जागाही मिळत नसे. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत आणि तेथे अस्पृश्याचा स्पर्श चालत नसे!

मुंबईच्या गिरण्यांतही हेच चालले होते. जास्त मजुरीच्या विणकाम खात्याची दारे अस्पृश्य कामगाराला बंद होती. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, तेव्हा विटाळ होईल, हे त्यामागचे कारण. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी याच खात्याची दारे उघडण्याची मागणी लावून धरली. जातिव्यवस्था नुसती कामे विभागत नाही, ती कामगारच विभागते, हे त्यांनी पुढे १९३६ साली सिद्धांत म्हणून मांडले.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण आहे. कळंबसारख्या तालुक्यांतून शिकून बाहेर पडलेली आमची मुले-मुली आता पुण्यात हिंजवडीला संगणकाच्या कंपन्यांत काम करतात. तेथील कामाची पद्धत 'अजाईल' म्हणून ओळखली जाते. मोठे काम छोट्या तुकड्यांत मोडायचे आणि बहुधा दोन आठवड्यांच्या टप्प्यात ते पूर्ण करायचे. या टप्प्याला 'स्प्रिंट' म्हणतात. २००१ साली अमेरिकेत १७ संगणकतज्ज्ञांनी या पद्धतीचा जाहीरनामा काढला. चमूने आपल्या कामाची घडी आपणच बसवावी, हे त्यातले एक तत्त्व. तत्त्व चांगले होते. आता मात्र घडी बसविण्याचे हे काम यंत्राच्या हाती जाऊ लागले आहे. 'एआय एजंट' म्हणजे दिलेले उद्दिष्ट गाठण्यासाठी स्वतःच पावले उचलणारा प्रोग्राम. असे एजंट जोडलेली साधने टप्पा संपला की उरलेली कामे पाहतात, कोणाच्या हातात किती काम आहे ते मोजतात, आणि एकाचे काम काढून दुसऱ्याकडे देण्याचे सुचवतात. मुभा दिली तर परस्पर देऊनही टाकतात. तो दुसरा माणूस असेल किंवा दुसरा एजंट.

यंत्राला जात नसते, ते आडनाव विचारत नाही, असे कोणी म्हणेल. ते काही अंशी खरे आहे. जातीयवादी साहेबापेक्षा आडनाव न पाहणारे यंत्र बरे, असेही आम्ही म्हणू. परंतु यंत्र निर्णय कशावरून घेते? मागच्या नोंदींवरून. ज्या मुलीला वर्षभर किरकोळ दुरुस्तीचीच कामे दिली, तिच्या नावावर किरकोळ दुरुस्तीच जमा राहणार. ती याच कामाला योग्य, असा हिशेब यंत्र मांडणार आणि पुढच्या टप्प्यात तेच काम तिच्या पुढ्यात टाकणार. साहेबाचा पूर्वग्रह अशा रीतीने गणिताचा पोशाख घालून येतो. मग जाब कोणाला विचारायचा?

ही भीती हवेतली नाही. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या भेदभावविरोधी खात्याने सिस्को कंपनीवर आणि तिच्या दोन अधिकाऱ्यांवर दावा दाखल केला. एका दलित अभियंत्याची भूमिका कमी केली, त्याला एकटे पाडले, त्या परिस्थितीत पूर्ण होऊच शकणार नाहीत अशी कामे दिली, असे आरोप त्यात होते. कंपनीने ते नाकारले. अधिकाऱ्यांवरील दावा २०२३ मध्ये खात्याने मागे घेतला. निकालाचे काहीही असो, कामाच्या वाटपातून माणसाला खाली ढकलता येते, हा मुद्दा त्या दाव्याने जगासमोर आणला. तेथे बोट दाखवायला निदान माणसे तरी होती. उद्या यंत्राकडे बोट दाखवून सगळेच हात झटकतील.

म्हणून यंत्राला विरोध, अशी आमची भूमिका नाही. बाबासाहेब यंत्राचे विरोधक नव्हते. आमच्या मागण्या साध्या आहेत. कोणाचे काम का बदलले, याची कारणासह नोंद त्या कर्मचाऱ्याला वाचता आली पाहिजे. अंतिम निर्णयाखाली जबाबदार माणसाचे नाव असले पाहिजे. हरकत घेता आली पाहिजे, आणि ती घेतली म्हणून नोंद बिघडता कामा नये. शिकण्यासारखी, बढतीकडे नेणारी कामे कोणत्या समाजघटकांच्या वाट्याला येतात, याचाही हिशेब कंपन्यांनी ठेवला पाहिजे.

खासगी कंपन्यांत आरक्षण नाही. तेथे आमच्या मुलांच्या पाठीशी संघटनेखेरीज कोण उभे राहणार? म्हणून आयटीतील बांधवांनो, भगिनींनो, टप्पागणिक तुम्हाला दिलेल्या आणि काढून घेतलेल्या कामांची टिपणे आजपासून ठेवा आणि एकमेकांची टिपणे ताडून पाहा. गिरणीच्या दारावर निदान अडवणारा माणूस दिसत होता. या दारावर तोही दिसणार नाही.