शाळा आणि आरोग्य (लेखांक ९) : दाढ ठणकते, घास राहतो

मागच्या लेखात उंची-वजनाच्या तक्त्याबद्दल बोललो. मूल त्या तक्त्यात कमी वजनाचं निघालं की घरात धावपळ सुरू होते. टॉनिकची बाटली येते, जंताची गोळी होते, दुधाचा पेला वाढतो. त्याला आ करायला लावून मागच्या दाढा मात्र क्वचितच कुणी पाहतं.

फिलिपिन्समध्ये २००६ साली शाळकरी मुलांच्या दातांची देशभर पाहणी झाली. सहा वर्षांच्या १०० मुलांपैकी ९७ जणांचे दात किडलेले निघाले. त्या पाहणीत किडलेले दात मोजून दंतवैद्य थांबले नाहीत. नस उघडी पडली आहे का, हिरडीवर पुवाचा फोड आहे का, हेही त्यांनी वेगळं नोंदवलं. बारा वर्षांच्या आसपासच्या निम्म्याहून अधिक मुलांत कीड अशी खोलवर गेलेली होती, आणि उंचीच्या मानाने वजन कमी असण्याचं प्रमाण या मुलांत इतरांपेक्षा जास्त होतं.

यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता? गरिबीत दोन्ही एकत्र नांदतात, त्यामुळे घाईने निष्कर्ष काढू नये. सौदी अरेबियातल्या जझान भागात सहा-सात वर्षांच्या मुलांवर याची रीतसर चाचणी झाली, तिचा अहवाल २०१२ साली आला. काही मुलांच्या किडक्या दातांवर लगेच उपचार केले, काहींवर नंतर. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. पण उपचार झालेल्या मुलांचं दुखणं कमी झालं होतं आणि त्यांची भूक सुधारली होती. दात दुरुस्त केला म्हणजे लगेच वजन वाढेल, असं वचन मी म्हणूनच देणार नाही. पण ज्याला चावताच येत नाही, त्याच्या ताटात कितीही सकस वाढलं तरी ते ताटातच राहणार, हे मला पक्कं वाटतं.

दाढ ठणकणारं मूल काय करतं ते पाहा. भाकरी, शेंगदाणे, मोड आलेली मटकी, काकडी बाजूला सारतं. वरण-भात आणि चहात बुडवलेलं बिस्किट तेवढं खातं. एकाच बाजूने चावतं, घास तोंडात घोळवत बसतं. आपण त्याला ‘नखरे करतो’ म्हणून रागावतो. ठणका बहुधा रात्री वाढतो, मग झोपही मोडते. आणि ज्याला वर्षभर दुखतंय, त्याला ते दुखणंच नेहमीचं वाटू लागतं. ते सांगतही नाही.

आणि मूल गुटगुटीत आहे म्हणून त्याचे दात चांगलेच असतील, असंही नाही. साखर एकाच वेळी दात पोखरते आणि वजनही वाढवते. दातावरच्या थरातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात, त्याने दाताचं कठीण आवरण विरघळू लागतं. लाळ ते आम्ल शमवते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात पुढचं चॉकलेट, पुढचं बिस्किट आलं की लाळेला उसंतच मिळत नाही. स्वीडनमध्ये १९४५ नंतर व्हिपेहोल्म इथल्या मतिमंदांच्या रुग्णालयात याचा प्रयोग झाला. जेवणासोबत साखर दिलेल्यांचे दात फारसे किडले नाहीत; मधल्या वेळी चिकट टॉफी दिलेल्यांचे भराभर किडले. ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं अशा माणसांवर केलेला तो प्रयोग क्रूर होता. त्यातून कळलेलं मात्र आपण वापरलं पाहिजे: साखर किती यासोबतच ती दिवसातून किती वेळा, हे मोजायला हवं.

‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ या वाक्याने फार नुकसान केलं आहे. दुधाच्या काही दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. मूल वाढतं ते त्याच दाढांनी चावून. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे एक दाढ येते. तिच्या आधी कोणताही दात पडत नाही, म्हणून तीही दुधाचीच समजली जाते. ती पक्की असते आणि गेली तर पुन्हा येत नाही.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यात दातही पाहिले जातात. शिक्षकांनी त्या दिवशी वजनाची आणि दातांची नोंद शेजारी ठेवून वाचावी. दोन्हीकडे खूण असलेल्या मुलाच्या पालकांना आधी बोलवावं. घरी रात्री झोपण्याआधी वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन, मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने ब्रश फिरवावा. आणि आज रात्री एवढं कराच: मोबाइलचा टॉर्च लावून मुलाची ती सगळ्यात मागची दाढ बघा. काळा ठिपका किंवा खड्डा दिसला तर दुखायची वाट पाहू नका. याच आठवड्यात दंतवैद्याकडे जा.