तोच विषय, पुन्हा एकदा

इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्यांसाठी चालणाऱ्या संभाषणवर्गांत सहसा एक विषय दिला जातो, मंडळी तासभर त्यावर बोलतात आणि पुढच्या तासाला नवा विषय येतो. सगळे मोकळेपणाने बोलले म्हणजे तास चांगला झाला, असं शिक्षकालाही वाटतं. पण या टप्प्यावरच्या विद्यार्थ्याची अडचण बोलण्याच्या भीतीची राहिलेली नसते. अवघड रचना आली की तिला वळसा घालण्याइतकी भाषा त्याच्याकडे असते, आणि त्या वळशांवरच त्याचं भागतं. रोज नवा विषय दिला की ही सवय पक्की होत जाते. म्हणून त्याला तोच विषय पुन्हा, अधिक नेमकेपणाने बोलायला लावणारा तास हवा, असं मला ठामपणे वाटतं.

नुसत्या सहवासाने भाषा कुठवर येते, याचा मोठा दाखला कॅनडात आहे. १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट इथे इंग्रजीभाषक मुलांना बालवाडीपासून फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली आणि ही पद्धत पुढे देशभर पसरली. भाषासंशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये अशा मुलांबद्दल जे मांडलं, ते विचार करायला लावणारं होतं. अनेक वर्षं फ्रेंचमधून शिकून त्यांची समज फ्रेंचभाषक मुलांच्या जवळपास पोचली होती, बोलण्यात मात्र क्रियापदांची रूपं आणि लिंगं चुकत राहिली होती. कारण उघड आहे. वाक्यात ‘काल’ हा शब्द ऐकला की क्रियापदाकडे लक्ष न देताही काळ कळतो. बोलणाऱ्याला मात्र ते रूप स्वतः घडवावं लागतं, आणि तसं घडवायला भाग पाडणारे प्रसंग त्या वर्गांत कमी होते.

असे प्रसंग आखणं हे शिक्षकाचं खरं काम. ‘पुराविषयी बोला’ असं म्हटलं तर साध्या वर्तमानकाळावर निभावतं. ‘धरणांतून पाणी आधीच सोडलं असतं तर २०१९ चा सांगलीचा पूर टळला असता का?’ असं विचारलं, की न घडलेल्या भूतकाळाची इंग्रजी रचना टाळता येत नाही. मग भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लेखनातून सर्वत्र पोचलेली चार-तीन-दोन ही पद्धत वापरावी: तेच म्हणणं एका जोडीदाराला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायचं. श्रोता नवा असल्याने सांगण्याला अर्थ राहतो आणि आशय ठरलेला असल्याने लक्ष भाषेकडे जातं.

ही घोकंपट्टीच नाही का, असा आक्षेप येतो. घोकंपट्टीत वाक्य दुसऱ्याचं असतं, इथे ते बोलणाऱ्याचं स्वतःचं असतं आणि दर फेरीत बदलू शकतं. खऱ्या संभाषणात दुसरी संधी कुठे मिळते, हा प्रश्न अधिक वजनाचा आहे. त्याचं उत्तर असं, की डी याँग आणि परफेटी यांच्या २०११ च्या अभ्यासात एकाच विषयावर पुन्हा बोललेल्यांचा ओघ पुढे नव्या विषयातही टिकला. दर फेरीला विषय बदललेल्यांचा तसा टिकला नाही. मला सर्वांत गंभीर वाटतो तो फ्रँक बूर्स यांनी २०१४ मध्ये दाखवलेला धोका: वेळ कमी होत गेला की माणूस आपली वाक्यं जशीच्या तशी, चुकांसकट, पुन्हा म्हणतो. म्हणूनच दोन फेऱ्यांच्या मध्ये थांबणं अनिवार्य आहे. त्या वेळात विद्यार्थ्याने मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेलं आपलं एक मिनिटाचं बोलणं शब्दशः लिहून काढावं आणि स्वतः दुरुस्त करावं.

दुरुस्तीने आत्मविश्वास खचतो, असंही म्हणतात. बोलणं मध्येच तोडलं तर खचेलही. पण हळूच बरोबर वाक्य उच्चारून पुढे जाण्याचा सौम्य मार्गही फारसा उपयोगी पडत नाही. लिस्टर आणि रांता यांनी १९९७ मध्ये माँट्रियल परिसरातल्या अशाच, फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गांची नोंद केली. तिथल्या शिक्षकांच्या निम्म्याहून जास्त दुरुस्त्या याच प्रकारच्या होत्या आणि मुलांकडून सर्वांत कमी प्रतिसाद त्यांनाच मिळाला. ‘हे पुन्हा कसं म्हणशील?’ असं विचारल्यावर मुलं स्वतः रूप शोधत. साठ जणांच्या वर्गात प्रत्येकाला हे विचारता येणार नाही, हे खरं. तरी तीस जोड्या एकदम बोलत असताना शिक्षक चार-पाच जोड्यांपाशी थांबू शकतात, तिथली पाच-सहा वाक्यं नाव न घेता फळ्यावर लिहू शकतात आणि ती सुधारायला सगळ्या वर्गाला सांगून पुढची फेरी सुरू करू शकतात.