चाकं नटवण्याआधी

मैत्रिणींनो, गाडी म्हणजे पुरुषांचं खातं, असं समजून मीही गप्प बसत असे. पण गेल्या मे महिन्यात खंबाटकी घाटाच्या वळणावर आमच्या 2006 सालच्या स्टेशन वॅगननं मागून अशी झोकांडी खाल्ली, की सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. ह्यांनी लगेच रुंद अलॉय चाकांचा बेत केला. मी म्हटलं, आधी दुखणं कुठे आहे ते तर बघू या!

गाडीचा एकेक कोपरा जोरानं दाबून सोडा. एका उसळीत थांबली तर ठीक. डुलतच राहिली तर शॉक ॲब्सॉर्बर थकले समजा. ते जोडीनंच बदला, झिजलेले रबरी बुशही. टायरवरचे चार आकडे वाचा: 2312 म्हणजे 2012 सालचा तेविसावा आठवडा! नक्षी शाबूत दिसली तरी जुनं रबर कडक होतं. मग व्हील अलाइनमेंट. चाकं मोठी घ्यायचीच, तर टायर तेवढाच चपटा हवा. एकूण उंची बदलली की स्पीडोमीटर चुकतो. मागे सामान भरलं, की कंपनीनं सांगितल्याप्रमाणे हवा वाढवा.

आमचे अलॉयचे पैसे वाचले. परवा त्याच वळणावर सासूबाई चक्क डुलक्या घेत होत्या!