भरतीची धाव आणि नडगीचं हाड

मीरा-भाईंदर, वसई-विरारसाठी 1 ऑक्टोबर 2020 रोजी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं. तिथल्या पोलीस शिपाई भरतीत 50 गुणांची मैदानी चाचणी असते. मुलांना 1600 मीटर धावावं लागतं, मुलींना 800. शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. अग्निवीर भरतीत 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत संपवलं तर पूर्ण 60 गुण.

अंतर छोटंच आहे. दुखणं येतं ते घाईतून. जाहिरात निघाली की कालपर्यंत न धावलेला मुलगा रोज पाच-सहा किलोमीटर पळू लागतो. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, हाड मात्र सावकाश घडतं. ताण पडल्यावर शरीर आधी हाडाचा थोडा भाग पोखरतं, मग तिथे नवं भरतं. या मधल्या काळात हाड कच्चं असतं. तेव्हाही मारा चालूच राहिला, तर नडगीला किंवा तळपायाला बारीक चीर जाते. 1855मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने कूच करणाऱ्या सैनिकांचे याच दुखण्याने सुजलेले पाय नोंदवले होते. क्ष-किरण यायला तेव्हा 40 वर्षं होती!

विरारजवळच्या अर्नाळा, राजोडी किनाऱ्यावरची वाळू मऊ असल्याने हाडाला धक्का कमी बसतो, पण पोटरी आणि टाचेची शीर ओढली जाते. किनारा उतरता, त्यामुळे एकाच दिशेने धावू नये.

नडगीवर बोटाने दाबून एकाच जागी कळ येत असेल, तर धावणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला साध्या एक्स-रेत ही चीर अनेकदा दिसतच नाही.