सूर्यामागे वळणाऱ्या तबकड्या

सुरतेत घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवताना सहसा त्याचं तोंड दक्षिणेला करून, थोडा कल देऊन ते कायमचं घट्ट करतात. ते योग्यच आहे. पॅनेलला सूर्यामागे एका अक्षावर फिरवणारा ट्रॅकर साधारण 15 ते 25 टक्के जास्त वीज देतो. पण मोटर, बेअरिंग, वाऱ्याचा मार आणि शेजारच्या पॅनेलवर पडणारी सावली पाहता घरगुती गच्चीवर त्याच पैशात जादा पॅनेल लावणं बरं. ट्रॅकरची जागा कच्छमधल्या खावड्यासारख्या मोकळ्या माळावर.

आरशांनी ऊन एका बिंदूवर गोळा करून पाण्याची वाफ करणारी शेफलर तबकडी मात्र सूर्यामागे वळली नाही तर निरुपयोगी. वोल्फगांग शेफलर यांनी 1986 मध्ये केनियात तिचा पहिला नमुना उभारला. आपल्याकडे तिचं मोठं काम शिर्डीत झालं. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाच्या गच्चीवर 2009 मध्ये प्रत्येकी 16 चौरस मीटरच्या 73 तबकड्या बसल्या. त्या बनवणारी गढिया सोलर ही कंपनी सुरतेच्या दक्षिणेला, वलसाडची. खर्च सुमारे 1 कोटी 33 लाख, त्यात केंद्राचं अनुदान. दिवसाला साडेतीन हजार किलो वाफ आणि वीस हजारांच्या आसपास भाविकांचा स्वयंपाक, असा अंदाज होता.

या रचनेतलं कसब मला फार मोलाचं वाटतं. तबकडीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असतो. त्याभोवती ती तासाला 15 अंश वळते आणि तरीही ऊन एकवटण्याचा बिंदू जागचा हलत नाही. त्यामुळे पाणी तापवणारं भांडं स्थिर राहतं, वाफेच्या नळाला हलता सांधा लागत नाही. ऋतूप्रमाणे सूर्य उत्तर-दक्षिण सरकतो, तेव्हा तबकडीचा बाक थोडा बदलून घेतात. शिर्डीत सकाळी एकदा हातानं तबकड्या पूर्वेकडे फिरवायच्या, पुढचं मोटर पाहील, अशी व्यवस्था केली होती.

मर्यादाही स्पष्ट आहे. ढगाळ दिवशी पॅनेल थोडीफार वीज देतं, पण तबकडीला थेट ऊनच हवं. म्हणून पावसाळ्यासाठी जोडीला बॉयलर ठेवावाच लागतो.

तरीही जिथे शेकडो माणसांचं भात-वरण रोज वाफेवर शिजतं, अशा देवस्थानांनी, वसतिगृहांनी आणि आश्रमशाळांनी गॅसचा पुढचा वार्षिक करार करण्याआधी आपली गच्ची एकदा मोजून पाहावी.