घरची भाषा, घरचं ज्ञान

कॅलिफोर्नियातल्या पाहारो खोऱ्यात शेतमळ्यांवर राबणारी बरीच कुटुंबं मेक्सिकन वंशाची. तिथे १९८६ मध्ये अल्मा फ्लोर आदा यांच्या पुढाकाराने स्पॅनिशभाषक पालकांच्या मासिक बैठका सुरू झाल्या. पालक मुलांसाठीची स्पॅनिश पुस्तकं निवडत, गटागटांत त्यांवर बोलत आणि घरी नेऊन ती मुलांना वाचून दाखवत. मुलांनी रचलेल्या गोष्टी आई-वडील लिहून घेत व पुढच्या बैठकीत वाचत. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसांनी चारचौघांत आपल्या मुलाची गोष्ट वाचणं, हेच या उपक्रमाचं सर्वांत मोठं यश म्हणायला हवं.

ॲरिझोनातल्या टुसॉनमध्ये लुईस मोल, नॉर्मा गोन्झालेझ आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात शिक्षकच संशोधक झाले. विद्यार्थ्यांच्या घरी ते गेले ते उपदेश करायला नव्हे, शिकायला. शेती, बांधकाम, झाडपाल्याची औषधं, सीमेपलीकडचा व्यापार असं केवढं तरी ज्ञान त्यांना तिथे सापडलं. मेक्सिकन मिठाई विकणाऱ्या एका मुलावरून वर्गात मिठाईचाच पाठ बेतला गेला. एका पालकाने शाळेत येऊन ‘पिपितोरिया’ ही मेक्सिकन मिठाई करून दाखवली. हा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला.

घरच्या भाषेचं आणि ज्ञानाचं मोल असं दिसूनही २००० मध्ये ॲरिझोनाच्या मतदारांनी द्विभाषिक शिक्षणावर कडक निर्बंध आणले. कॅलिफोर्नियात असे निर्बंध १९९८ मध्येच आले होते. तिथल्या मतदारांनी ते २०१६ मध्ये उठवले.