परतीचं भाडं कोण भरतं?

'व्ही.पी. परत आली' या तीन शब्दांचा अर्थ जुन्या प्रकाशकांना समजावून सांगावा लागत नाही. टपाल खात्याने १८७७ साली भारतात व्हॅल्यू पेएबल पोस्टची सोय सुरू केली. वाचकाने पोस्टकार्ड टाकायचं, प्रकाशकाने पुस्तक पाठवायचं आणि पैसे पोस्टमनच्या हातात मोजायचे. ज्या गावात पुस्तकाचं दुकान नव्हतं, तिथेही या वाटेने मराठी पुस्तकं आणि दिवाळी अंक पोचले. पण दारात आलेली व्ही.पी. वाचकाने सोडवली नाही, की ती फिरून प्रकाशकाकडे यायची. विक्री झालेली नसायची आणि टपालखर्च मात्र अंगावर पडलेला असायचा.

फ्लिपकार्टने २०१० साली 'कॅश ऑन डिलिव्हरी' सुरू केली तेव्हा हाच जुना व्यवहार इंटरनेटवर आला. कार्ड न वापरणाऱ्या, विक्रेता कोण ते ठाऊक नसलेल्या ग्राहकाला खरेदीला तयार करायचं, तर पैसे हातात वस्तू आल्यावर घेणं भाग होतं. त्याच्याच जोडीला दुसरं आश्वासन आलं : आवडलं नाही तर परत करा, पैसे परत मिळतील. हेही नवं नव्हतं. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीने १८७५ साली ग्राहकांना हीच हमी दिली होती. न पाहिलेली, न हाताळलेली वस्तू विकायची, तर परतीचं दार उघडं ठेवावंच लागतं.

त्या दारावर आज 'फ्री रिटर्न' अशी पाटी आहे. पार्सल ग्राहकाकडे जातं आणि तिथून परत येतं, तेव्हा गाडीचं डिझेल, डिलिव्हरी करणाऱ्याची मजुरी, गोदामातली तपासणी आणि नवं पॅकिंग हे सगळे खर्च होतातच. ते फक्त परत करणाऱ्याच्या बिलात दिसत नाहीत. काही वेळा तर तिथेही दिसतात, पण बारीक अक्षरांत.

ग्राहकाच्या खिशातून

परताव्याची रक्कम आणि आपण भरलेली रक्कम यांत तफावत का, हा प्रश्न अनेकांना रिफंड जमा झाल्यावर पडतो. वस्तूची किंमत परत येते, पण 'प्लॅटफॉर्म फी', 'हँडलिंग चार्ज', डिलिव्हरीचे पैसे अशा किरकोळ रकमा बऱ्याचदा 'नॉन-रिफंडेबल' असतात. एका खरेदीत त्या जाणवत नाहीत. कॅश ऑन डिलिव्हरीसाठी जादा पैसे घेण्याच्या तक्रारी वाढल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याला त्याची चौकशी सुरू करावी लागली.

हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूंचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सवलत आधी किमतीतून वजा करतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी असतो आणि बँकेची प्रोसेसिंग फी वेगळी. फोन परत केला तरी प्रोसेसिंग फी आणि भरलेला जीएसटी सहसा परत येत नाही. रिफंड कार्डावर जमा झाला म्हणून हप्ते आपोआप बंद झाले असंही समजू नये. तशी खात्री बँकेकडून करून घ्यावी लागते. नाहीतर न वापरलेल्या फोनचे हप्ते पुढच्या बिलात निमूटपणे येत राहतात.

जुना फोन एक्सचेंजमध्ये दिला असेल, तर नवा परत केल्यावर जुना हातात येत नाही. त्याची कंपनीने ठरवलेली किंमतच तेवढी मिळते. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेली वस्तू परत केली तर पैसे मिळतील, पण सेल संपल्यावर त्या पैशांत तीच वस्तू पुन्हा येईलच असं नाही. वापरलेलं कूपन तर बहुधा संपलेलंच असतं. काही वेळा रिफंड बँकेऐवजी कंपनीच्या वॉलेटमध्ये चटकन देऊ केला जातो. तो घेतला की ते पैसे पुन्हा त्याच दुकानात खर्च करावे लागतात.

आणि वेळ. पिकअपची वेळ 'सकाळी ९ ते रात्री ९' अशी येते. घरातल्या कोणाला तरी दार धरून बसावं लागतं. माणूस आला तर टॅग नाही, डबा फाटला, फोटोशी रंग जुळत नाही, अशा कारणाने तो रिकाम्या हाताने परतू शकतो. शहराबाहेर अडचण वेगळी. एखाद्या पिनकोडला माल पोचवला जातो, पण तिथून उचलला जात नाही. मग कोकणातल्या वाडीवरच्या किंवा गडचिरोलीतल्या ग्राहकाने स्वतः पार्सल बांधून तालुक्याच्या गावी कुरियर किंवा स्पीड पोस्ट गाठायचं, पावती अपलोड करायची आणि खर्च किती मिळेल त्याची वाट पाहायची.

मोठ्या वस्तूंना तर 'रिटर्न' हा शब्द जेमतेमच लागू होतो. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि बरेचसे मोबाइल यांच्यासाठी फक्त बदलून देण्याची, तीही सहसा ७ ते १० दिवसांची मुदत असते. आधी कंपनीचा तंत्रज्ञ येऊन दोष आहे असं लिहून देणार, मग पुढचं. तो यायला उशीर झाला तर मुदत सरते आणि ग्राहकाच्या हाती उरते ती वॉरंटी, म्हणजे दुरुस्ती.

नावडलेलं आणि बिघडलेलं

इथे एक फरक ठळकपणे लक्षात ठेवायला हवा. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदी कोणतंही कारण न देता रद्द करायला कायद्यानेच १४ दिवस दिले आहेत. भारतात ऑनलाइन ग्राहकाला असा सरसकट हक्क नाही. रंग आवडला नाही, बहिणीनेही तेच घेतलं, विचार बदलला, या कारणांनी वस्तू परत घेतली जाते ती विक्रेत्याच्या धोरणामुळे. हे धोरण वस्तूगणिक बदलतं. काही अ‍ॅपवर तर एकाच कुर्त्याचे दोन भाव दिसतात : परतीच्या पूर्ण मुभेसह थोडा महाग, आणि फक्त चुकीचा किंवा सदोष माल परत घेण्याच्या अटीवर थोडा स्वस्त. परतीची खरी किंमत इतकी उघडपणे क्वचितच छापलेली असते.

वस्तू सदोष असेल तेव्हा मात्र धोरणाची ढाल चालत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला, किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर आला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. 'नो रिटर्न' असं पानावर लिहिलं म्हणून फुटलेला मिक्सर ठेवून घ्यावा लागत नाही.

ई-कॉमर्स कंपनी बऱ्याचदा बोट दाखवते ते विक्रेत्याकडे. त्यात तथ्य आहे. परकीय भांडवल असलेल्या ई-कॉमर्स कंपन्यांना आपल्या देशात स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही. त्या फक्त बाजार भरवतात आणि माल तिसऱ्याच विक्रेत्याचा असतो. पण म्हणून त्यांची सुटका होत नाही. विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि संपर्क ग्राहकाला दाखवणं त्यांना बंधनकारक आहे. तक्रार निवारण अधिकारी नेमणं, तक्रारीची पोच ४८ तासांत देणं आणि महिन्याभरात ती निकाली काढणं हेही त्यांच्याच गळ्यात आहे.

विक्रेत्याच्या वहीत

आता काउंटरच्या पलीकडे जाऊ. समजा, एखादा छोटा विक्रेता ६०० रुपयांना कुर्ता विकतो. कापड-शिलाई ३५०, पाठवणावळ ७०, कंपनीचं कमिशन ८० आणि पॅकिंग १० रुपये. उरले ९०. कुर्ता परत आला तर कमिशन कदाचित माफ होईल, पण जाण्याचे ७०, येण्याचे समजा ९० आणि पॅकिंगचे १० असे १७० रुपये गेले. एका परतीने जवळपास दोन कुर्त्यांचा नफा खाल्ला. कुर्त्याला हळद लागलेली असेल तर ३५०ही गेले. हे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्यक्षातले दर वजन, अंतर आणि कंपनीप्रमाणे बदलतात. हिशेबाची तऱ्हा मात्र हीच.

विक्रेत्यांच्या बोलण्यात दोन शब्द सतत येतात, 'आरटीओ' (रिटर्न टू ओरिजिन) आणि 'कस्टमर रिटर्न'. पहिला म्हणजे ग्राहकापर्यंत न पोचता किंवा दारातूनच परत फिरलेलं पार्सल, म्हणजे जुनी न सोडवलेली व्ही.पी.च. कॅश ऑन डिलिव्हरीत याचं प्रमाण जास्त असतं, कारण नकार देणाऱ्याचा एक रुपयाही अडकलेला नसतो. दुसरा म्हणजे स्वीकारून मग परत केलेला माल. नवरात्रात एक संध्याकाळ नेसून, टॅग आत दडवून परत पाठवलेला घागरा याच खात्यात जमा होतो. नव्या बुटांच्या डब्यात जुने बूट घालून पाठवणारे महाभागही आहेत. विक्रेता तक्रार करतो, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जोडतो. भरपाई कधी मिळते, कधी नाही. तूट भरून काढायला तो पुढच्या खेपेला भाव थोडा वाढवतो. म्हणजे फुकट परतीचे पैसे शेवटी जो कधीच काही परत करत नाही तो ग्राहक देतो.

मधल्या मध्ये डिलिव्हरी करणारा मुलगा असतो. रिटर्न उचलताना वस्तू, रंग, टॅग अ‍ॅपमध्ये तपासून 'ओके' करायचं काम त्याचं. दारातल्या ग्राहकाला घाई असते आणि गोदामातल्या पर्यवेक्षकाला शंका. चुकीचा माल उचलला तर जाब त्यालाच विचारला जातो.

मोठ्या कंपन्यांनाही हे ओझं पेलेनासं झालं आहे. अमेरिकेत २०२४ साली किरकोळ विक्रीपैकी जवळपास १७ टक्के, म्हणजे ८९० अब्ज डॉलरचा माल परत येईल, असा अंदाज तिथल्या नॅशनल रिटेल फेडरेशनने दिला होता. झारा या कपड्यांच्या कंपनीने ब्रिटनमध्ये २०२२ सालापासून पार्सलने परत केलेल्या मालावर १.९५ पौंड आकारायला सुरुवात केली.

परत आलेल्या मालाचं पुढे काय?

आपण परत केलेली वस्तू पुन्हा फडताळावर जाते, अशी आपली समजूत. भिवंडीसारख्या ठिकाणच्या भल्यामोठ्या गोदामांत आलेला माल आधी उघडून तपासावा लागतो. जसाच्या तसा असेल तर पुन्हा विक्रीला, डबा फाटला असेल तर उतरत्या भावाने, थोडा बिघाड असेल तर दुरुस्त करून 'रिफर्बिश्ड' म्हणून, आणि उरलेला घाऊक लॉटमध्ये व्यापाऱ्यांना. स्वस्त वस्तूच्या बाबतीत तपासणीची मजुरीच तिच्या किमतीला भिडते. मग तिला वाचवण्यात कोणाचाच फायदा उरत नाही.

२०२१ साली ब्रिटनच्या आयटीव्ही न्यूजने स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन इथल्या अ‍ॅमेझॉनच्या गोदामात न विकलेला आणि परत आलेला माल मोठ्या प्रमाणावर नष्ट करण्यासाठी काढला जात असल्याचं दाखवलं. टीव्ही, लॅपटॉप, पुस्तकं, सगळं त्यात होतं. फ्रान्सने २०२० साली यावर कायदा केला. युरोपीय संघाच्या नियमांनुसार जुलै २०२६ पासून मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला बंदी आहे आणि परत आलेला मालही त्यात धरला आहे.

परतीच्या नावाने फसवणूक

रिफंड अडकला की माणूस उतावीळ होतो आणि भामटे तिथेच टपलेले असतात. सर्च करून सापडलेला 'कस्टमर केअर' नंबर बनावट असू शकतो. नंबर कंपनीच्या अ‍ॅपमधूनच घ्यावा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. 'रिफंडसाठी हे अ‍ॅप डाउनलोड करा' असं सांगणाऱ्याचा फोन तिथेच बंद करावा. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावं. घरात कोणीच न मागवलेलं कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल आलं तर सोडवू नये. फोन किंवा लॅपटॉप परत करताना आपलं खातं काढून, सगळी माहिती पुसून, सिम काढून मगच द्यावा.

एवढं करावं

ऑर्डर देण्याआधी त्या विशिष्ट वस्तूचं परतीचं धोरण वाचावं. अख्ख्या साइटचं वाचून उपयोग नाही. महागड्या वस्तूला 'ओपन बॉक्स डिलिव्हरी' असेल तर वस्तू पाहिल्याशिवाय ओटीपी सांगू नये. पार्सल उघडताना पत्त्याच्या लेबलापासून सलग व्हिडिओ काढावा. डबा, टॅग आणि बिल मुदत संपेपर्यंत टाकू नये. पिकअपवाल्याकडून पोच घ्यावी. कार्टमध्ये आपण न टाकलेलं काही, विमा, देणगी, जादा वॉरंटी, शिरलं आहे का ते बघावं. ग्राहकाला अशा युक्तीने फसवण्याचे १३ प्रकार केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत बंद करायला सांगितले आहेत.

साइज नक्की नसेल म्हणून तीन मागवून दोन परत पाठवण्याची सवय सोडावी. हे कायद्यात बसतं, पण त्याचा भार कोणावर पडतो ते वर आलंच आहे. सदोष माल मात्र संकोचापोटी किंवा कंटाळ्यापोटी ठेवून घेऊ नये. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. तिथेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची असते. तेवढे दिवस बिल आणि मेसेज जपून ठेवा.